क्रीम चीज, रिकोटा, चक्का: कपातलं माप ग्रॅममध्ये कसं आणायचं

अमेरिकन पाककृतीत लिहिलेलं असतं ‘क्रीम चीज ३ पॅकेट’, इटालियन पाककृतीत ‘मस्कारपोने (मलईसारखं मऊ चीज) ५०० ग्रॅम’ आणि आपल्या श्रीखंडाच्या कृतीत ‘चक्का दोन वाट्या’. लिहिणाऱ्याला आपलं माप अगदी स्पष्ट असतं. पंचाईत होते ती पहिल्यांदाच चीजकेक किंवा तिरामिसू (मस्कारपोनेचं इटालियन गोड) करायला घेणाऱ्याची. साखरेचा कप किती ग्रॅमचा, हे विचारलं तर बहुतेक तक्ते २०० म्हणतात. मऊ चीजचं तसं नाही. एका तक्त्यात रिकोटाचा (ओलसर, रवाळ इटालियन चीजचा) कप २२७ ग्रॅमचा दिसतो, दुसऱ्यात २४६ चा, आणि चूक दोघांचीही नसते.

असं का होतं, ते आधी समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. मऊ चीजच्या कपात तीन गोष्टी असतात: चीज, त्यात उरलेलं पाणी आणि भरताना अडकलेली हवा. पाणी किती, हे ते किती वेळ निथळलं यावर ठरतं. हवा किती, हे कप कसा भरला यावर ठरतं. म्हणून या पदार्थांसाठी माझा एकच आग्रह आहे. कपावरून ग्रॅम एकदाच, नीट काढायचे, ते वहीत लिहून ठेवायचे आणि पुढे कायम काट्यावरच मोजायचं. कप ते ग्रॅम हे रूपांतर दर वेळी करत बसायची गोष्ट नाही.

पहिली पायरी: कप कुठला आणि पॅकेट कुठलं

पाककृती कुठल्या देशातली आहे ते बघा. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलीचा. तिथल्या डब्यांवरच्या पोषणाच्या माहितीत तोच सोयीसाठी २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलीचा. जपानी पाककृतीतला कप २०० मिलीचा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा असतो, पण ऑस्ट्रेलियात तो २० मिलीचा. चार चमचे मस्कारपोने म्हटलं की तिथेच २० मिलीचा फरक पडला.

आपल्या बाजारात मिळणारे मापाचे कप कधी २४० चे असतात, कधी २५० चे. तळाशी किंवा दांड्यावर आकडा कोरलेला असतो, पण त्यावर विसंबून राहू नका. रिकामा कप काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, कप काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीचा तुमचा कप. घरातल्या वाटीचंही असंच माप काढून ठेवा. आमटीची वाटी, भाजीची वाटी आणि नैवेद्याची वाटी यांत किती फरक असतो ते काट्यावर बघितल्यावरच कळतं.

पॅकेटचं प्रकरण कपापेक्षा जास्त फसवं आहे. अमेरिकेत क्रीम चीजची वीट ८ औंसांची, म्हणजे २२७ ग्रॅमची. ही सवय तिथे इतकी मुरलेली आहे की पाककृतीत वजन न लिहिता नुसतं ‘१ पॅकेट’ लिहितात. ऑस्ट्रेलियात तेच पॅकेट २५० ग्रॅमचं असतं. तीन पॅकेटांच्या चीजकेकमध्ये एकीकडे ६८० ग्रॅम चीज जातं, दुसरीकडे ७५०. अंडी आणि साखर मात्र पाककृतीत लिहिलेली तेवढीच राहतात, आणि मग ‘माझा केक इतका घट्ट का झाला’ याचं उत्तर ओव्हनमध्ये शोधलं जातं.

दुसरी पायरी: औंस वजनाचा की पातळ पदार्थाचा

अमेरिकेत औंस दोन आहेत. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा आणि द्रवाचा औंस २९.५७ मिलीचा. काचेच्या मापाच्या जारवर कपांशेजारी ज्या औंसांच्या रेघा असतात त्या द्रवाच्या. पाककृतीत चीजपुढे औंस लिहिलेले असतील तर ते वजनाचे असतात, हे धरून चाला.

क्रीम चीजच्या बाबतीत ही गल्लत झाली तरी अंगाशी येत नाही, कारण त्याचं एक मिली जवळजवळ एक ग्रॅमच भरतं. जारमध्ये ८ च्या रेघेपर्यंत नीट दाबून भरलेलं क्रीम चीज सुमारे २३२ ग्रॅम होतं, आणि हवं होतं २२७. पाच ग्रॅमनी काही बिघडत नाही. त्यामुळेच लोकांना वाटतं की औंस म्हणजे औंस. पण त्याच सवयीने ८ औंस कुस्करलेलं फेटा (खारट, भुसभुशीत ग्रीक चीज) त्याच रेघेपर्यंत भरलं तर जेमतेम १५० ग्रॅम भरतं. एक तृतीयांश चीज कमी! फेट्याच्या तुकड्यांमध्ये हवाच हवा असते. किसलेल्या चीजचं तर आणखी वाईट. मोझरेलाचा किसलेला कप फक्त ११० ते ११५ ग्रॅमचा असतो.

तिसरी पायरी: सुरुवातीला हाताशी ठेवायचे आकडे

खालचे आकडे अमेरिकी कपाचे आहेत. कप गच्च, हवेची पोकळी न ठेवता भरून वरून सपाट केलेला धरला आहे. रिकोटा, चक्का, फेटा आणि कॉटेज चीज (ओलसर, दाणेदार ताजं चीज) मात्र न दाबता भरलेलं.

- क्रीम चीज, विटेतलं: २२७ ते २३२ ग्रॅम, सपाट मोठा चमचा साडेचौदा ग्रॅम
- क्रीम चीज, फेटून हलकं केलेलं: १५० ते १६० ग्रॅम
- मस्कारपोने: २२७ ते २४० ग्रॅम
- रिकोटा: २२७ ते २४६ ग्रॅम
- कॉटेज चीज: २१० ते २२५ ग्रॅम, कण मोठे असतील तर कमी
- घट्ट चक्का: २४० ते २५० ग्रॅम
- फेटा, कुस्करलेलं: १५० ग्रॅम

तुमचा कप २५० मिलीचा असेल तर प्रत्येक आकड्यात साधारण साडेपाच टक्के वाढवा. २३२ चे २४५ होतात, २४६ चे २६०.

यातली दुसरी ओळ लक्षात ठेवा. फेटलेलं क्रीम चीज ब्रेडला लावायला असतं, त्यात मुद्दाम हवा भरलेली असते. विटेतल्या एका कपाऐवजी त्याचा एक कप घातला तर चीज तिसऱ्या हिश्श्याने कमी पडतं. वजनावर मोजलं तर भरपाई होते, पण पोत तरीही वेगळा लागतो. चीजकेकसाठी विटेतलंच घ्या.

तक्त्यापेक्षाही भरवशाची एक जागा आहे, तिच्याकडे फार कमी जण बघतात. परदेशी डब्याच्या मागे पोषणाची माहिती असते, त्यात एका वाढपाचं माप कपात आणि ग्रॅममध्ये दोन्ही दिलेलं असतं. अमेरिकेतल्या रिकोटाच्या डब्यावर बहुधा पाव कप, ६२ ग्रॅम असं असतं. चौपट केलं की कपाचे २४८ झाले. कॉटेज चीजवर अर्धा कप, ११३ ग्रॅम. म्हणजे कपाचे २२६. हा आकडा तुमच्या हातातल्याच डब्यासाठी दिलेला असतो, म्हणून कुठल्याही सर्वसाधारण तक्त्यापेक्षा मी तो आधी मानते. भारतात बनलेल्या डब्यांवर बहुतेक वेळा १०० ग्रॅमचा हिशोब असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

चौथी पायरी: आपल्या घरचा कप एकदा नीट भरून बघणं

काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. पाच किलोपर्यंतचा साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तो बरोबर आहे का हे बघायला लोण्याचं न फोडलेलं १०० ग्रॅमचं पाकीट ठेवा. वेष्टनासकट आकडा शंभराच्या किंचित वर दिसला पाहिजे. काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवा, खाली फडकं नको.

आता रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणा. क्रीम चीज अर्धा तास बाहेर ठेवून मऊ झालेलं असू द्या. फ्रिजमधून काढलेलं चीज कपात ढेकळांसारखं बसतं आणि तळाशी पोकळ्या राहतात, ज्या वरून दिसत नाहीत. थोडं थोडं घालून चमच्याच्या पाठीने कडेला दाबत जा, मधेच कप ओट्यावरच्या जाड फडक्यावर दोन-तीनदा आपटा. शेवटी थोडं वर आलं की सुरीच्या पाठीने सपाट करा. शीग लावलेला कप मापात धरायचा नाही. काट्यावर आलेला आकडा लिहून ठेवा. काचेचा कप असेल तर बाहेरून बघा, पोकळी राहिली असेल तर पांढऱ्यात काळसर डाग दिसतो.

रिकोटा आणि चक्का यांना असं दाबू नका. दाबलं की पाणी सुटतं आणि तुम्ही मोजता त्यापेक्षा वेगळाच पदार्थ होतो. ते चमच्याने अलगद भरून, कप एकदा हलवून सपाट करायचे.

एकदा हा आकडा मिळाला की कपाचं काम संपलं. रोजच्या वापरासाठी सगळ्यात सोयीची पद्धत उलटी आहे. चीजचा अख्खा डबा काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि डब्यातून चमच्याने चीज काढून थेट भांड्यात घाला. काट्यावर उणे आकडा दिसत जातो. उणे १५० दिसलं की १५० ग्रॅम भांड्यात गेलं. कपाला चिकटून राहणारं, बोटाने निपटून काढावं लागणारं चीज हा प्रश्नच उरत नाही, आणि धुवायला एक भांडं कमी. मस्कारपोनेसारख्या चिकट, महाग चीजसाठी तर मला दुसरी पद्धत सुचवावीशीच वाटत नाही. चमच्याला लागलेलं मात्र भांड्याच्या कडेला निपटून घ्या, कारण काट्याच्या हिशोबाने ते डब्यातून गेलेलंच आहे.

पाणी: आधी मोजायचं की निथळून मोजायचं

रिकोटा, घरचं पनीर आणि चक्का, तिघांचाही खरा घोळ इथे आहे. पाककृतीत ‘४०० ग्रॅम रिकोटा, निथळून’ असेल तर ४०० मोजून मग निथळायचं. ‘निथळलेला रिकोटा ४०० ग्रॅम’ असेल तर निथळल्यावर ४०० भरायला हवेत, म्हणजे सुरुवात जास्तीने करायची. शब्दांचा क्रम इतका महत्त्वाचा असतो. क्रम स्पष्ट नसेल तर पदार्थ बघून ठरवा. भाजायचं किंवा तळायचं असेल तर निथळल्यानंतरचं वजन धरा, सॉसमध्ये जाणार असेल तर आधीचं.

निथळायच्या वेळी रिकोटा आधी आणि नंतर तोला. पंच्यात बांधून चाळणीत, फ्रिजमध्ये काही तास ठेवलेल्या रिकोटाच्या खालच्या भांड्यात किती पाणी जमतं ते एकदा बघितलं की दोन कंपन्यांच्या डब्यांमधला फरकही कळतो.

आपल्या श्रीखंडाचंच उदाहरण घ्या. ‘चक्क्याइतकीच साखर’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वाटीने मोजणाऱ्या घरात १५० मिलीच्या वाटीत चक्का १५५ ग्रॅमच्या आसपास बसतो आणि साखर १२५ ते १३०. म्हणजे एक किलो चक्क्याला साखर पडते सुमारे ८०० ग्रॅम. तेच वाक्य काट्यावर पाळलं तर किलोला किलो साखर. दोन्ही घरं एकच प्रमाण सांगतात आणि दोन्हीकडची गोडी वेगळी असते. पिठीसाखर वापरत असाल तर वाटीत ती साध्या साखरेच्या जेमतेम साठ टक्के बसते, तेव्हा वाटीस वाटी घेऊन श्रीखंड फिकं होणारच. म्हणून आईकडून किंवा सासूबाईंकडून प्रमाण घेताना ‘वाटी की वजन’ हे विचारून घ्या, शक्य असेल तर त्या वाटीतच पाणी घालून तिचं माप काढून या.

एक कृती पूर्ण करून बघू

चीजकेकची नेहमीची अमेरिकन कृती: क्रीम चीज ३ पॅकेट, साखर १ कप, अंडी ३, व्हॅनिला १ चमचा. आधी सगळं ग्रॅममध्ये आणा. चीज ६८० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम. तिथलं मोठं अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमचं धरतात, म्हणून अंडी १५० ग्रॅम.

समजा, तुमच्या दुकानात २०० ग्रॅमचे डबे मिळतात आणि तुम्ही तीन आणलेत. चीज झालं ६००. आता ८० ग्रॅमसाठी चौथा डबा फोडायची गरज नाही. ६०० ला ६८० ने भागा, उत्तर ०.८८. बाकी सगळ्याला त्याने गुणा. साखर १७६ ग्रॅम, अंडी १३२ ग्रॅम. अंडी मोडून गुणायची कशी, असं वाटेल. तीन अंडी एका वाडग्यात हलकी फेटा आणि त्यातलं १३२ ग्रॅम घ्या. आपल्याकडची अंडी बऱ्याचदा लहान असतात, तीन मिळून जेमतेम तेवढीच भरतील, म्हणून अंड्यांच्या संख्येपेक्षा वजनावर जा. व्हॅनिला चमचाभरच राहू द्या, इतक्या कमी वजनाला स्वयंपाकघरातला काटा विश्वासाचा नसतो. टिन तेच असेल तर केक किंचित बुटका होईल आणि भाजायला थोडा कमी वेळ लागेल, तेव्हा पाककृतीत दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच बघायला लागा.

दुसरं उदाहरण परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतलं. तिथे खवा-पनीरऐवजी रिकोटाचा कलाकंद किंवा रसमलाई खूप घरी होते. कृती तोंडी सांगितली जाते: एक डबा रिकोटा, एक डबा कंडेन्स्ड मिल्क. अमेरिकेत रिकोटाचा नेहमीचा डबा १५ औंसांचा, ४२५ ग्रॅमचा, म्हणजे पावणेदोन कप. कंडेन्स्ड मिल्क १४ औंस, ३९७ ग्रॅम. मोठा, ३२ औंसांचा रिकोटाचा डबाही मिळतो, त्यामुळे ‘एक डबा’ ऐकून तो आणला तर सगळंच दुप्पट लागेल.

हीच कृती भारतात पनीरवर करायची तर ४२५ च्या जागी ४२५ पनीर घालू नका. दुधाच्या रिकोटात सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असतं, आणि आपल्याकडच्या नियमानुसार पनीरमध्ये ते साठ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. वजन सारखं ठेवलं तर कलाकंद कोरडा, रवाळ आणि जड होतो. साधारण २५० ग्रॅम ताजं पनीर मिक्सरच्या भांड्यात घ्या, भांडं काट्यावर ठेवा आणि एकूण ४२५ होईपर्यंत दूध घाला, मग वाटा. घरी पनीर करणार असाल तर म्हशीच्या सव्वा लिटर दुधात इतकं निघायला हरकत नाही, पण वजन करूनच खात्री करा, दूध दूध वेगळं असतं.

मस्कारपोनेचं उलट. तिरामिसूला इटलीत ५०० ग्रॅमचा डबा घेतात, अमेरिकेत डबा मिळतो ८ औंसांचा. दोन डबे घेतले तरी ४५४ च होतात. ४६ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे कमी. अंडी आणि साखर तितकीच ठेवली तर क्रीम सैल होतं आणि काप पडताना सरकतं. इथेही बाकीच्याला ०.९ ने गुणा. तिसरा डबा फोडू नका. उघडलेला मस्कारपोने फार टिकत नाही.

काटा नसेल तेव्हा

काट्याशिवाय विटेतलं क्रीम चीज मोजायची सोपी वाट म्हणजे वजन माहीत असलेली अख्खी वीट भागणं. २२७ ग्रॅमच्या विटेच्या मधोमध सुरी घातली की प्रत्येकी ११३, पुन्हा मधोमध घातली की ५७. कित्येक विटांच्या वेष्टनावर मोठ्या चमच्यांच्या रेघा छापलेल्या असतात. वीट फ्रिजमधून काढल्या काढल्या कापा, मऊ झाल्यावर सरळ काप येत नाही.

डब्यातलं चीज असेल तर डब्यावरचं निव्वळ वजन बघा, वरून सपाट करा आणि सुरीने चार सारखे भाग आखा. १८० ग्रॅमच्या डब्याचा पाव भाग ४५ ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे. ग्रेव्हीत, पराठ्याच्या सारणात, सँडविचवर लावायला एवढी अचूकता भरपूर झाली. चीजकेक, तिरामिसू आणि तळायचे रिकोटाचे गोळे, एवढ्या तिघांसाठी मात्र शेजारून का होईना, काटा मागून आणा.

पाण्याची एक जुनी पद्धतही आहे. मोठ्या मापाच्या जारमध्ये अर्धा कप थंड पाणी घ्या आणि फ्रिजमधलं घट्ट क्रीम चीज तुकडे करून त्यात सोडा. पाणी एक कपाच्या रेघेवर आलं की अर्धा कप चीज झालं. तुकडे पूर्ण बुडलेले हवेत, वर आलेले चमच्याच्या टोकाने खाली दाबून मग रेघ वाचा. नंतर पाणी ओतून द्या आणि तुकडे टिपकागदावर कोरडे करा. यात हवेच्या पोकळ्या मोजल्या जात नाहीत, म्हणून कपात भरण्यापेक्षा हे माप खरं येतं. फक्त घट्ट चीजसाठीच करा. रिकोटा, चक्का आणि मस्कारपोने पाण्यात विरघळू लागतात.